टेबलावरचं खोकं

दौंडच्या आमच्या शाळेत बाकं कमी. त्यांवर मुलं बसायची, आम्ही मुली खाली सतरंजीवर. चित्रकलेच्या सरांनी उंच टेबलावर खोकं ठेवलं आणि म्हणाले, "दिसतं तसंच काढा."

मी तसंच काढलं. सरांनी लाल पेन्सिलीनं फुली मारली. "वरची बाजू कुठंय?"

"खालून दिसत न्हाई, सर."

"सगळ्यांना दिसती, तुलाच कशी दिसत न्हाई?"

वर्ग खदखदून हसला. फळ्यावर रोज नजरेची पातळी शिकवणारा हा माणूस एकदा जरी सतरंजीवर बसला असता, तर त्यालाही ती बाजू दिसली नसती. पण बसतोय कशाला!

पुढच्या वेळी मी बाकावरच्या मुलाचं बघून न दिसणारी बाजू मुकाट्यानं काढली. सरांनी शेरा दिला, "आता नजर तयार झाली."