खुंटी शोधून घेतलेली गाडी

उत्तर जर्मनीतल्या आमच्या डिट्झुम गावच्या हिल्के टामेननं सत्तावीस वर्षं बस चालवली. त्यामुळे निवृत्त झाल्यावर ती नवऱ्यासोबत फिरायला झोपायची-राहायची सोय असलेली गाडी घेणार असं कळलं, तेव्हा लोकांना वाटलं, ही आता चाकांवरचा बंगलाच आणणार. ती म्हणाली, "बारा मीटर शेपूट ओढून मान अवघडली माझी. दोघांपुरती पुरे."

खरं कारण हाब्बो होता, तिचा नवरा. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. पोटात एक नळी बसवलेली. दिवसातून चार वेळा जुनं पाणी काढून दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं. अर्धा तास जायचा. तेवढा वेळ दारं-खिडक्या बंद, तोंडाला मास्क, आणि पिशवी डोक्याच्या वर टांगलेली. हे हॉटेलात नको, कुणाच्या घरी तर नकोच, म्हणत हाब्बो दोन वर्षं दवाखाना सोडून कुठंही गेला नव्हता.

गाडी बघायला शेजारी म्हणून त्यांनी मलाही नेलं. विक्रेता टीव्ही दाखवत होता. हिल्केनं झोळीतून रिकामी पिशवी काढली.

"ही कुठं टांगू?"

"टॉवेल न्हाणीघरात, बाई."

"टॉवेल नाही हो. नवऱ्याचं पाणी आहे."

त्यानं टीव्ही बंद केला. तोवर हाब्बो मागच्या पलंगावर आडवा होऊन बघत होता. "पाय मावत नाहीत," तो म्हणाला.

"मग दुमड. घरी तरी कुठं सरळ झोपतोस?"

चौथी गाडी तिला पटली. लांबी साडेपाच मीटरही नाही, पण टेबलाच्या वर छताला भक्कम दांडा होता, दार घट्ट बसत होतं आणि पलंगाखाली खोकी मावत होती. अडचण वजनाची निघाली. दोन आठवड्यांच्या पिशव्याच शंभर किलोंच्या वर. धान्याच्या गाड्या तोलायच्या काट्यावर ती कायद्याच्या मर्यादेपेक्षा साठ किलो जास्त भरली. दाराबाहेरची कापडी छपरी उतरली, दोन्ही सायकली उतरल्या, बिडाचा तवा उतरला. मी चहाच्या चिनीमातीच्या भांड्यांकडे बोट केलं.

"त्याआधी मला उतरवा," हिल्के म्हणाली.

मे महिन्यात ती दोघं डेन्मार्कला गेली. पुढचं तिनंच मला सांगितलं. घरी हाब्बोची पिशवी लागली की ती बागेत निघून जायची. इथंही दार लावून ती बाहेर उभी राहायची. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला, ती छत्री घेऊन उभीच. पुढच्या वेळी हात धुता धुता हाब्बो म्हणाला, "आत बस गं."

"तुला कुणी बघितलेलं चालत नाही ना?"

"असं कधी म्हटलं मी?"

"पहिल्याच दिवशी. दवाखान्यात."

"तेव्हा माझं मलाच बघवत नव्हतं!"

ती मास्क लावून समोर बसली. दोन वर्षं आपण उगाच गवत उपटत राहिलो, याचा तिला राग आला, आणि तो तिनं तिथल्या तिथं काढला. हाब्बोला उठून जाता येत नव्हतं, तिला दार उघडता येत नव्हतं. अर्धा तास दोघं भांडली. संध्याकाळच्या पिशवीच्या वेळी ती आपणहून आत बसली.

असे तीन उन्हाळे गेले. त्यानं कूस बदलली की गाडी हलते, ही तिची तक्रार कायम होती. मग रक्त गाळणारा पोटातला पडदा थकला, आणि डॉक्टरांनी हाब्बोला सोमवार, बुधवार, शुक्रवार दवाखान्यातल्या डायलिसिसच्या यंत्रावर घ्यायचं ठरवलं. लोक विचारू लागले, गाडी विकणार का?

"विकायला काय झालं? शनिवार-रविवार मोकळेच आहेत."

शुक्रवारी दुपारी ती गाडी दवाखान्याच्या दारात लावते आणि तो बाहेर आला की थेट समुद्राकडे निघते. पहिली संध्याकाळ हाब्बो झोपूनच असतो. ती पुढची खुर्ची मागं वळवून चहा घेत बसते. गेल्या आठवड्यात दोघं किनाऱ्यावरच्या नॉर्डडाइखला होती. वारा फार, म्हणून शनिवारी दिवसभर आत बसून पत्ते खेळली. हाब्बो म्हणतो, ती लबाडी करते.