बोटीवरच्या पत्रावळ्या

लोक आफ्रिकेला जाताना लोणचं नेतात, पापड नेतात. माझ्या सासूबाईंनी पत्रावळ्या नेल्या. पळसाच्या पानांच्या, बांबूच्या काड्यांनी टाचलेल्या, सुतळीनं बांधलेला हा एवढा गठ्ठा. आमचं सासर मूल गावाच्या बाजूचं. तिकडे बाईचा हात रिकामा दिसला की तिच्यापुढे पानांचा ढीग येतोच. निघण्याआधी बसून त्यांनी प्रवासाच्या दिवसाला दोन या हिशेबानं पत्रावळ्या लावल्या, आणि बोटीला उशीर झाला तर म्हणून वर चार. पानं आहेत तर पितळी ताटांचं ओझं कशाला, म्हणून ताटं गावीच ठेवली.

एक पत्रावळ मात्र निराळी होती. ती त्यांच्या बांधावरच्या पळसाची. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून त्यांनी ती आपल्या गाठोड्यात उशाशी ठेवली होती. दूर राहून भेटलेल्या मुलाला पहिलं जेवण आपल्या शेतातल्या पानावर वाढायचं, ही त्या घराची रीत. मुलगा, म्हणजे माझा नवरा, मोंबासाला एका लाकडाच्या वखारीत कारकून. लग्नानंतर वीस दिवसांनी जो गेला, तो तीन वर्षांनी आम्हा दोघींना बोलावत होता. ती तीन वर्षं मी संसार केला तो सासूबाईंशीच. त्या बोलायला फटकळ, आणि मी बल्लारपूरच्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, सातवी शिकलेली. त्यामुळे आपल्याला सगळं कळतं, असं मला वाटायचं.

बोटीवर आमची खोली अगदी खाली होती. गोल खिडकीतून कधी आभाळ दिसे, कधी नुसतं हिरवं पाणी. पहिले दोन दिवस आम्ही दोघी सोडून सगळी बोट ओकत होती. मग पोटं ताळ्यावर आली आणि बायका वर डेकवर केस वाळवत, एकमेकींच्या माहेराची चौकशी करत बसू लागल्या. आपल्या लोकांसाठी स्वयंपाकघर वेगळं होतं. वरण-भात चांगला मिळायचा. मी खुशाल बोटीच्या थाळीत जेवायची. पण त्या थाळ्या मटणाच्या थाळ्यांबरोबर एकाच हौदात धुतल्या जाताना सासूबाईंनी पाहिल्या होत्या. म्हणून त्यांचं जेवण मी आमच्या डब्यातून खोलीत आणायची आणि पत्रावळीवर वाढायची.

वाळलेली पत्रावळ तशीच घेतली तर तडकते. आधी पाणी शिंपडून मऊ करावी लागते. रोजचा खटाटोप कोण करणार, म्हणून पहिल्याच दिवशी मी न्हाणीच्या नळाखाली अख्खा गठ्ठा ओला केला आणि कापडात बांधून ट्रंकेत ठेवला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी. गठ्ठा काही सुकेना. चार दिवस वरवरच्या पत्रावळ्या काढून वापरल्या; पाचव्या दिवशी गठ्ठा सोडला तर आतली सगळी पानं काळी पडलेली, चिकट, कुबट वासाची. आमच्या खोल्या झाडणारा गोव्याचा म्हातारा दारातून बघत होता. त्यानं मला हळूच सांगितलं की, न्हाणीच्या नळाला समुद्राचं पाणी येतं, प्यायचं पाणी वेगळं. अंघोळीनंतर केस चिकट का होतात, ते मला तेव्हा उमगलं.

मी सासूबाईंना सांगितलं की, समुद्राच्या हवेनं पानं नासली. त्यांनी एकेक पत्रावळ उलटून पाहिली आणि गठ्ठा पुन्हा बांधला. त्या दिवसापासून त्यांचं जेवण थांबलं. थाळी चालेना. डब्यातूनच खा म्हटलं, तर डब्यात तोंड घालून जनावर खातं म्हणाल्या. डाव्या हातावर भात घ्यायचा नाही. पाव हे त्यांच्या लेखी अन्नच नव्हतं. एखादं केळं आणि पाणी, एवढ्यावर तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी उठताना त्यांना भोवळ आली. बोटीचा डॉक्टर येऊन गेला. ही बाई स्वतःच्या पायांनी उतरली नाही, तर बंदरावर दवाखान्यात ठेवून घेतील, मुलाकडे जाऊ देणार नाहीत, असं तो म्हणाला. मोंबासा दोन दिवसांवर होतं.

डॉक्टर गेल्यावर मला राहवेना. मी त्यांच्या बिछान्याशी खाली बसले.

"बाई, पानं मीच नासवली. नळाचं खारं पाणी मारलं."

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "पहिल्याच घासाले समजलं."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"एवढ्या पान्यात बोलाले तूच तं होती. तुले रडवून मी कोनासंग बोलू?"

ज्या बाईला मी तीन वर्षं घाबरले, ती माझं मन राखायला चार दिवस खारट भात गिळत होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. गाठोड्यातल्या त्या एका पानावर तरी जेवा, म्हणून मी त्यांच्या पाया पडले. ते लेकाचं पान आहे, एवढंच म्हणून त्यांनी गाठोडं जवळ ओढलं.

मग मी उठले. प्यायच्या पाण्यानं दोन्ही हात कोपरापर्यंत घासून धुतले, डब्यात भात-वरण आणलं, जरा निवू दिलं आणि कालवलं. दोन्ही तळवे जोडून त्यांच्यापुढे धरले आणि डब्यातला भात ओंजळीत ओतून घ्या म्हटलं. त्या बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी भात ओतला आणि पहिला घास उचलला. शेवटी माझ्या बोटांना चिकटलेली शितं त्यांनी एकेक करून टिपली. तीन वर्षांत त्यांनी मला इतक्या मायेनं हात लावला नव्हता. दोन दिवस, दोन्ही वेळा, त्या अशाच जेवल्या.

मोंबासाला त्या माझा खांदा धरून, पण आपल्या पायांनी उतरल्या. मुलगा वाकून पाया पडल्यावर त्याच्या तोंडावरून हात फिरवत किती वेळ उभ्या राहिल्या. घरी मी भात केला. लुगड्याच्या तुकड्यातून ती पत्रावळ निघाली. सासूबाईंनी स्वतः गोडं पाणी शिंपडून ती मऊ केली आणि मुलापुढे मांडली. यांनी आईसाठी बाजारातून मुद्दाम नवी कोरी थाळी आणून ठेवली होती, कुणी न वापरलेली. ती त्यांनी कौतुकानं आईपुढे सरकवली.

सासूबाईंनी थाळी उचलून पाहिली, चांगली आहे म्हणाल्या आणि बाजूला ठेवली. मग माझ्याकडे वळल्या.

"हात धुऊन ये, पोरी."