सुलूताईंची सही

सुलूताईंना कुणी ‘बिचारी’ म्हटलेलं खपत नसे. फॉल लावायला साडी घेऊन आलेली एखादी बाई त्यांच्या पायाकडे बघून चुकचुकली, की मशीन थांबवून त्या विचारायच्या, “अहो, वाकडा माझा पाय आहे, फॉल सरळच लागतो. ठेवताय साडी, का नेताय परत?” बाई मुकाट्याने साडी ठेवून जायची.

पर्वती पायथ्याला आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या खोलीत त्या एकट्या राहायच्या. वाशिमहून भावाबरोबर पुण्यात आलेल्या. भाऊ परत गेला, या राहिल्या. मी वरच्या मजल्यावर. खराडीच्या ऑफिसातून बस बदलत घरी येईपर्यंत माझा पार भुगा झालेला असायचा, म्हणून आधी त्यांच्याच दारात टेकायचे. “आलीस का नंदे कंपनी चालवून? मग चहा पण तूच टाक. माझ्यात साखर जास्त घाल, तुझ्यासारखं डाएट नाही माझं.” आईनंतर मला ‘नंदे’ म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

पुढे कुबडी टेकून टेकून त्यांचा खांदा गेला. मशीन निम्मा दिवस बंद राहू लागलं, आणि नेमकं तेव्हाच घरमालकाने भाडं वाढवलं. अपंगांसाठीची सरकारी पेन्शन मिळाली तर खोली राहणार होती, नाहीतर वाशिमला भावजयीच्या घरी जाऊन पडायचं. “तिथे मला ताटावर बसवतील गं,” त्या एकदा म्हणाल्या, “पण मशीनवर नाही बसू द्यायचे.”

झालं, मी पदर खोचला. सगळ्या योजना धुंडाळून त्यांच्यासमोर मांडल्या. केंद्राची पेन्शन अगदीच किरकोळ, आणि तिला अपंगत्व ऐंशी टक्के लागतं. ताईंच्या दाखल्यावर साठ. महापालिकेकडून काही मिळालंच तर एखादी वस्तू, तीही एकदाच. राज्याची निराधार योजना त्यातल्या त्यात बरी, दरमहा भाड्यातल्या वाढीपुरते तरी पैसे देणारी, पण आपल्याला कुणी नाही असं लिहून मागणारी.

ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे केंद्राला माझा पाय कमी वाकडा वाटतो, आणि राज्याला मी अनाथ असायला हवी. बरंय. कुठे जायचं सांग.”

तहसील कार्यालयात आम्ही दोघी गेलो. कारकून तसा सभ्य होता. ताईंना बसायला खुर्ची दिली, मजकूर वाचून दाखवला आणि पेन पुढे केलं. ‘मला कोणाचाही आधार नाही’ या ओळीवर ताई अडल्या.

“हे खोटं आहे,” त्या म्हणाल्या.

“ताई, नुसता शब्द आहे तो,” मी कुजबुजले. “करा ना सही.”

“नुसता कसा? ही आहे की माझी. नंदा.” माझा हात धरून त्यांनी मला कारकुनापुढे केलं, स्वतःची लेक दाखवावी तसं. “रोज येते. मला ताप आला तर हीच येते. हिच्यासमोर असं लिहून देऊ मी?”

कारकुनाने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, तुम्ही सांभाळता का यांना? तसं असेल तर सांगा, मग अर्ज बसत नाही.”

“छे हो! मी फक्त शेजारीण,” मी म्हणाले.

उत्तर बरोबरच होतं. पेन्शनसाठी तेच द्यायला हवं होतं. पण ते किती पटकन आलं माझ्या तोंडून! जरासुद्धा अडखळले नाही मी. कारण ते अर्जासाठी दिलंच नव्हतं. ‘सांभाळता का’ हे शब्द ऐकून मी घाबरले होते, आणि ते माझ्या आवाजात स्पष्ट ऐकू आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

ताईंनी माझा हात सोडला, पेन उचललं आणि सही केली. “आता खरं आहे,” असं कारकुनाला म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. असता तर मी हसून तरी घेतलं असतं.

पेन्शन सुरू झाली आणि खोली राहिली. मी जात राहिले, चहा टाकत राहिले. त्यांचं बोलणं तसंच तिखट होतं, फक्त मला टोमणे मारणं बंद झालं. गेल्या वर्षी त्या गेल्या. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसले होते. डोळे उघडून त्यांनी मला ओळखलं, थोडं हसल्यासुद्धा.

“अहो नंदाताई,” त्या म्हणाल्या, “तुम्ही कशाला त्रास घेतलात?”