मागच्या बाकावरची पसंती

रूपचंद पाटलाला बायकोची फुशारकी मारायची झाली, की तो एकच गोष्ट सांगे. लग्नाला वीस वर्षं झाली, पण ओसरीवर तिचा आवाज कोणी ऐकला नाही. सारंगखेड्याच्या वरच्या अंगाला तापीकाठी त्याचं गाव, घर गुजर पाटलांचं, केळी-उसाचं. अशा घरात सुनेनं सासऱ्यासमोर पदर पुढं ओढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. कोणी काही विचारलंच तर मान हलवायची. तापीबाई हे इतकं चोख पाळी की गावातल्या सासवा तिचं नाव घेऊन आपल्या सुनांना टोमणे मारत. ते कानावर आलं की रूपचंद मिशीतल्या मिशीत हसे. बाजारात त्याला कोणी फसवून दाखवावं, पण घरच्या बाबतीत गडी ठार आंधळा होता.

त्रेसष्ट साली त्याचे वडील गेले. आता कोणाची मर्यादा पाळायची? रूपचंदला वाटलं, बाई मोकळी होईल, जेवताना दोन गोष्टी बोलेल. माहेरी ती हळदीला गाणी म्हणायची, गळा गोड होता, असं तिचे भाऊ सांगत. पण बाई गप्पच. तो बोले, ती मान हलवी. मुलगा मगन शिकायला धुळ्याला गेला आणि घर आणखीच सुनं झालं. ज्या गप्प बसण्याचं त्यानं गावभर कौतुक केलं, तेच आता त्याला खायला उठलं. तिनं आपल्याशी बोलावं, एवढंच त्याला हवं होतं.

ते तिला सांगायचं सोडून तो खरेदीला निघाला. पुरुषांची तऱ्हाच ही. लष्करानं मोडीत काढलेली एक जीप त्यानं घेतली होतीच. आता तिच्यात रेडिओ बसवायचा, गाणी लावायची, बायकोला गावोगाव फिरवायचं, म्हणजे ती आपोआप बोलती होईल, असा त्याचा हिशेब. विसरवाडीच्या नाक्यावर शांतीलालचं दुकान होतं. ट्रकवाल्यांचे रेडिओ, लग्नातले कर्णे, सगळं तोच दुरुस्त करी. त्यानं जीपमध्ये रेडिओ बसवला, मागं कर्णा लावला, आणि मग दोन डबे पुढ्यात आणून ठेवले. दोन्ही त्यानं स्वतः जुळवलेले.

"रूपचंदभाऊ, हाऊ डबा सगळा आवाज एकसारखा करस," तो म्हणाला. "बारीक आवाज वर उचलस, मोठा दाबस. जीपनी घरघरमा गाणं बुडाव नही. आन हाऊ दुसरा. यान्हामा जाड आवाजनं बटण येगळं, बारीकनं येगळं. तुम्हले पाहिजे तसं फिरावा. दोन्हीपैकी एकच बसी, जागा नही शे."

"माले काय समजस त्यान्हामा?" रूपचंद म्हणाला. "बठनारी ती शे. तिलेच इचारू."

बायकोची पसंती विचारणारा नवरा त्या काळी नवलाचाच. शांतीलालनं कौतुकानं पाहिलं, आणि रूपचंदची छाती दोन बोटं फुगली.

तापीबाई जीपच्या मागच्या बाकावर, कापडी टपाखाली, पदर ओढून बसली होती. पहिला डबा जोडला. गाणं लागलं. रूपचंदनं मागं वळून विचारलं, "मगननी माय, चांगलं शे का?" तिनं मान हलवली. दुसरा डबा जोडला. रूपचंदनं जाड आवाजाचं बटण फिरवलं, मान हलली. बारीक आवाजाचं फिरवलं, मान हलली. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. शांतीलाल हसला. "वहिनीले दोन्ही पसंत शेतस."

डबे पुन्हा बदलायला त्यानं तारा सोडवल्या. रेडिओ बंद पडला. रूपचंद सहज मागं वळला, जरा थांब म्हणायला. त्याचं तोंड आपल्याकडे वळलेलं पाहून तापीबाईनं मान हलवली. चांगलं आहे.

रूपचंदला आधी काही कळलं नाही. मग लक्षात आलं, रेडिओ तर बंद होता. शांतीलाल खाली वाकून तारा सोलत होता. रूपचंदनं नेहमीच्याच आवाजात विचारलं, "मन्हावर राग शे का तुन्हा?"

तिनं मान हलवली.

हा प्रश्न त्यानं आयुष्यात पहिल्यांदा विचारला होता, आणि उत्तर मिळूनही त्याला ते मिळालं नव्हतं.

"कोणता बसाडू?" शांतीलालनं विचारलं.

"कोणताबी बसाड," रूपचंद म्हणाला. शांतीलालनं बटणांचा बसवला, त्याच्या मते तो देखणा दिसत होता.

घरी आल्यावर रूपचंदनं थोरली भावजय सरलाबाई हिला परसात गाठलं. ती तांदूळ पाखडत होती. तिनं सूप काही थांबवलं नाही.

"मगनना बायंतपणमा ताप उना व्हता, तवपासून तिन्हा कान गयात," ती म्हणाली. "आम्ही तिले हात लाईसन बलावतस. समद्या बायासले ठाव शे."

"मंग माले काबर सांगं नही?"

"तू कव्हय इचारं? नवरा शे तू. माले वाटे, तुले ठाव व्हई."

सासऱ्यासमोर हलणारी मान आणि न ऐकताच हलणारी मान दिसायला एकच होती, आणि त्यानं ती कधी नीट पाहिली नव्हती. धुळ्याच्या डॉक्टरनं कानात बत्ती धरून पाहिलं. नस सुकली, उपाय नाही, अगदी कानाशी ओरडलात तर थोडंफार पोचेल, असं म्हणाला.

रूपचंदला तिची माफी मागायची होती. पण घरात ओरडून कसं बोलणार? ओसरीवर सालदार, परसात बायका, पलीकडे भाऊबंद. जे बायकोच्या कानात हळूच सांगायचं, ते गावाला ऐकवत सांगणं त्याच्यानं होईना. शेवटी एका दुपारी तो तिला जीपमध्ये घालून तापीकाठी घेऊन गेला. काठ मोकळा होता, पलीकडच्या तीरावर कोणी कोळी जाळं सुकवत होते. तो मागच्या बाकावर तिच्याशेजारी जाऊन बसला. तिनं दचकून अंग चोरलं. त्यानं तिचा पदर बाजूला केला आणि कानाशी तोंड नेऊन, गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "माले ठाव नव्हतं! माले माफ कर!" एकदा, दोनदा, तीनदा. त्याचं तोंड लालबुंद झालं, डोळ्यांत पाणी आलं. पलीकडचे कोळी हातातलं काम टाकून बघत उभे राहिले.

तापीबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिचा चेहरा भेदरला. तिनं पदर पुन्हा पुढं ओढला, हात जोडले, आणि बऱ्याच वर्षांनी त्याच्याशी बोलली.

"मन्हं काय चुकनं?" तिनं विचारलं.