कार्डिफचे प्रशियन डॉक्टरकाका

जर्मन सैन्याची आमच्या शेजारच्या डॉक्टरकाकांइतकी काळजी खुद्द जर्मन लोकही करत नसतील. कार्डिफच्या हॉस्पिटलात आयुष्यभर हाडं जोडून रिटायर झालेला हा साताऱ्याचा माणूस कचऱ्याचे बिन्स बाहेर ठेवता ठेवता मला प्रशियन पलटणींच्या गणवेशातले फरक ऐकवायचा. त्यासाठी ते घरबसल्या जर्मन शिकले होते. कुणी हिटलरचं नाव काढलं, की मात्र हातातला कप खाली ठेवत. "त्याने शिस्तीची लाज घालवली!"

जर्मन सेनापती काय साधायचं ते सांगतो, कसं ते सांगत नाही, हा त्यांचा आवडता धडा. एका वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं जेवण त्यांच्याकडे आलं. "दीडशे माणसं जेवली पाहिजेत. बाकी तुमचं डोकं!" एवढाच हुकूम. सहा घरांतून सहा पातेली मसालेभात आला. पोळी एकही नाही. काका खूश. "बघ, प्रत्येकाने स्वतः निर्णय घेतला!" काकू म्हणाल्या, "अहो, आता भात वाढा."

मग काकू विसरायला लागल्या. काकांनी फ्रिजवर वेळापत्रक लावलं, कपाटांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, दोन वर्षं एकट्याने खिंड लढवली. एकदा गॅस तसाच राहिला आणि काकूंना केअर होममध्ये ठेवावं लागलं.

तिथे काकूंच्या शेजारच्या खुर्चीत नव्वदी ओलांडलेल्या एक जर्मन आजी बसत. त्यांच्याजवळ सैनिकी वेशातल्या भावाचा फोटो होता. तो पाहून काका कित्येक महिन्यांनी खुलले. मी सोबतच होतो. त्यांनी घोटून घोटून शिकलेल्या जर्मनमध्ये विचारलं, "कुठली रेजिमेंट?"

आजी इंग्रजीत म्हणाल्या, "ते ठाऊक नाही. सतरा वर्षांचा होता. शाळेतून नेला. आई कितीतरी वर्षं त्याचं ताट मांडत होती."

काकांनी फोटो दोन्ही हातांनी परत दिला. गाडीत बसल्यावर किल्ली फिरवायचं त्यांना सुचेना. "चाळीस वर्षं मी बटणं बघत बसलो रे," ते म्हणाले. "आतला पोरगा दिसलाच नाही."

त्यानंतर पलटणींचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीच एकदा काढून पाहिला, तर म्हणाले, "जाऊ दे."

आता रोज दुपारी चारला ते काकूंकडे जातात. काकू अदबीने विचारतात, "आमचे मिस्टर नाही आले अजून?"

"निघालेत," काका सांगतात. "तोवर मी बसू का इथे?"

काकू त्यांना नीट न्याहाळतात आणि मग थोडं सरकून जागा करून देतात.