अंबरपेठचा एकच डोनर

भूतखेत, चमत्कार असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी प्रोग्रामर माणूस… स्क्रीनवर चुकीचं काही दिसलं तर ती चूक कुणीतरी केलेली असते, एवढंच मला माहीत.

हैदराबादेत तेव्हा रोज एक नवी कंपनी उघडत होती. आमची आबिड्समधली कंपनी मात्र चौघांची. सुलतान बाजारजवळच्या एका रक्तपेढीची वेबसाइट माझ्या गळ्यात होती. डोनरचं नाव एका टेबलात, रक्तगट दुसऱ्यात, पत्ता तिसऱ्यात. अॅडमिनच्या पानावर रक्तगट आणि एरिया निवडला की तेवढीच नावं यावीत, असा फिल्टर त्यांना हवा होता. त्याच्याशी झटापट करून मी पार थकलो होतो. त्या दुपारी तो एकदाचा चालला, म्हणून रक्तपेढीतच बसून तपासत होतो.

तेवढ्यात फोन आला. अंबरपेठच्या एका नर्सिंग होममध्ये बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्ह हवं होतं — आणि पेढीच्या फ्रिजमध्ये एकही पिशवी नव्हती.

"सर, जल्दी देखो ना!" पेढीची ऑपरेटर सुजाता रडकुंडीला आली होती.

मी ओ निगेटिव्ह निवडलं, अंबरपेठ निवडलं. एकच नाव आलं — रफिक. सुजातानं त्याला मोबाइलवर गाठलं. तो नर्सिंग होमच्या मागच्याच गल्लीत होता, पळतच पोचला. बाई वाचली.

संध्याकाळी तो डोनर कार्ड घ्यायला आला. मी म्हटलं, "अच्छा हुआ, आप अंबरपेठमेंच रहते."

तो बघतच राहिला. "आपको किने बोला? कलीच सामान लाके डाला मैं उधर. अभी अम्मीकू बी पता नै मालूम!"

मी त्याचं रेकॉर्ड उघडलं. पत्ता — मेहदीपट्टणम, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. हिस्टरी पाहिली, कुणी काही बदललेलं नव्हतं. तोच फिल्टर परत लावला… एकही नाव नाही.

"दोपहरकू मैं बी देखी ना, सर?" सुजाता हळूच म्हणाली.

आमच्या कंपनीचे साहेब फोनवर म्हणाले, "कॅशे असेल, सोड." पण कॅशेत जुनी माहिती राहते. जी कुणी भरलीच नाही, ती कुठून येणार? वाद घालायची ताकद नव्हती. रफिकच्या पत्त्यात मी स्वतः 'अंबरपेठ' टाइप केलं, सेव्ह केलं आणि बस पकडून घरी आलो.

नंतर तो कोड कितीदा तरी डोळ्यांखालून घातला. चूक सापडत नाही… सापडली असती, तर बरं वाटलं असतं.