तागडी कापलेला फोटो

त्या प्रकरणाला बरीच वर्षं झाली, मलाही निवृत्त होऊन काळ लोटला. पण आठवण निघाली की अजून डोकं तापतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातल्या एका ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. एक म्हातारे फोटोग्राफर तक्रार घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी पूर्वी आठवडे बाजारात बसणाऱ्या माणसांचे फोटो काढले होते. कासार, कुंभारणी, भाजीवाल्या, सुकट विकणाऱ्या बाया. त्या काचेच्या निगेटिव्हची पेटी इतिहासावर व्याख्यानं देणाऱ्या एका गृहस्थाने 'कॉपी काढून परत देतो' म्हणून नेली, आणि आता तो नेलीच नाही म्हणत होता. ठाणे अंमलदाराने "काचाच ना, बाबा?" म्हणून म्हाताऱ्यांना दोनदा परत पाठवलं होतं. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं आणि विश्वासघाताचा गुन्हा नोंदवायला लावला. पण पुरावा काहीच नव्हता.

पुढच्या बाजारच्या दिवशी पिंपळवंडीची एक सुकट विकणारी बाई थेट माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"साहेब, कळंबकडच्या हाटेलात माझी सासू भितीला टांगलीय. खाली लिवलंय, दुष्काळातली भिकारीण. लेकीनं वाचून दाखवलं. आमी कवा कुणाफुडं हात पसरला न्हाई!"

हॉटेलमालकाने लगेच सांगितलं, फोटो त्याच गृहस्थाकडून विकत घेतलाय. पंचनामा करून तो जप्त केला आणि गृहस्थाला चौकशीला बोलावलं.

तो पायावर पाय टाकून बसला. "फोटो माझ्या आजोबांनी काढलेत."

"ही बाई कोण?"

"कोणीतरी भिकारीण. नावं कोण ठेवतं अशांची?"

मी सुकटवालीला आत घेतलं. ती फोटोकडे बघून कडाडली, "भिकारीण? सासूबाईच्या हातात तागडी व्हती! फोटू काढला तवा मी शेजारीच बसले व्हते. कापलीय यांनी!"

म्हाताऱ्या फोटोग्राफरनाही मी बोलावून घेतलं होतं. ते म्हणाले, "खरंय साहेब. वडील प्रत्येक काचेच्या कडेला माणसाचं नाव सुईने कोरायचे."

गृहस्थाचा पाय खाली आला. दुपारीच पंच घेऊन घराची झडती घेतली. पेटी कपाटात मिळाली. मी ती काच खिडकीशी धरली. काळं-पांढरं उलटं दिसत होतं, तरी तागडी स्पष्ट होती, पुढ्यात बोंबलाची पाटी होती आणि कडेला नाव, गाव.

"का कापलंत?" मी विचारलं.

तो शांतपणे म्हणाला, "गिऱ्हाइकाला गरिबी आवडते, साहेब."

माझा हात उठणार होता. कसाबसा आवरला.

मग वरून फोन सुरू झाले. 'प्रतिष्ठित माणूस आहे, बघून घ्या.' मी दोषारोपपत्र दाखल केलं. पण तारखा पडत राहिल्या, म्हातारे थकून तडजोडीला तयार झाले, आणि तो नुसत्या माफीनाम्यावर सुटला. काचा तेवढ्या मूळ मालकाला मिळाल्या.

खरा राग मात्र माझा माझ्यावरच आहे. बंदोबस्ताला येता-जाता मी त्या हॉटेलात कितीदा तरी चहा प्यायलो होतो. तो फोटो पाहिला होता, खालची ओळ वाचून हळहळलोही होतो. चेहरे वाचण्यात पटाईत म्हणून खात्यात माझं नाव होतं. पण ती बाई ताठ बसली होती, नजर रोखून बघत होती, हे मला एकदाही दिसलं नाही.